राजीनाम्यावर 'घरगुती कारण' लिहिलेलं असतं. कारखाना सोडण्याचं खरं कारण कुठे शोधायचं?

जिग-फिक्स्चर (धागाकर्ता)

कारखान्यातली माणसं नोकरी सोडायचा विचार का करतात, हा विषय निघाला की ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, पगार कमी. दोन, हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत. दुसऱ्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. पहिलं बरंचसं खरं आहे, पण त्याने पुढचा प्रश्न सुटत नाही: एकाच गेटच्या आत, एकाच पगारावर, एका लाइनवरची माणसं वर्षानुवर्षं टिकतात आणि शेजारच्या लाइनवर दर महिन्याला नवे चेहरे दिसतात, ते का?

राजीनाम्याचा कागद याचं उत्तर देत नाही. सोडून जाणाऱ्याचं अनुभवपत्र, शेवटचा हिशेब, उरलेल्या रजेचे पैसे, सगळं त्या घडीला कार्यालयाच्या हातात असतं. सुपरवायझरबद्दल खरं बोलून त्याला काय मिळणार? तो 'घरगुती अडचण' लिहितो आणि मोकळा होतो. 'जास्त पगाराची नोकरी मिळाली' हेही अर्धवटच. मिळाली हे खरं, पण शोधायला कधी लागला आणि त्या आठवड्यात काय घडलं होतं, ते त्या ओळीत नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काम जड आहे एवढ्याच कारणाने जाणारे थोडे. उद्याचा दिवस आपल्या हातात नाही, याला कंटाळून जाणारे पुष्कळ. पाळी कोणती, सुटका किती वाजता, मागितलेली रजा मिळणार का, महिनाअखेर हातात किती पडणार, यातलं काहीच आधी कळत नसेल तर माणूस बाहेर बघायला लागतो.

आपापल्या विभागातलं तपशिलात लिहा. किस्से नकोत, कामाचं लिहा.

---

आकडेमोड

चांगला धागा. सुरुवात मोजण्यापासून करू, कारण बहुतेक ठिकाणी गळतीचा एकच आकडा काढतात: वर्षात गेलेले भागिले सरासरी पटसंख्या. त्यातून फार काही कळत नाही.

समजा, लाइनवर ४० जागा आहेत आणि वर्षात २४ जण गेले. गळती ६० टक्के. ऐकून वाटतं की निम्म्याहून जास्त लाइन बदलली. प्रत्यक्षात ३२ जागांवर तीच माणसं असू शकतात आणि उरलेल्या ८ जागांवर प्रत्येकी तीनदा माणूस बदललेला असू शकतो. मग प्रश्न लाइनचा नाही, त्या ८ जागांचा आहे. तिथे जाऊन उभं राहिलं की बहुधा पहिल्या तासातच कारण दिसतं: ग्राइंडिंग, भट्टीचं तोंड, किंवा जिथे माल उचलून वळून ठेवायचा असतो ती जागा.

म्हणून गेलेल्यांची यादी चार प्रकारे लावून बघा: जागेप्रमाणे, पाळीप्रमाणे, सुपरवायझरप्रमाणे आणि नोकरीच्या काळाप्रमाणे. चौथी सगळ्यात बोलकी. एका महिन्यात भरती झालेले सगळे एका ओळीत लिहायचे आणि ७, ३०, ९० आणि १८० दिवसांनी त्यातले किती उरले ते पुढे मांडायचं. पहिल्या आठवड्यातच मोठी घसरण असेल तर भरतीच्या वेळी सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यांत फरक आहे. ३० ते ९० दिवसांत असेल तर शिकवणं आणि सुपरवायझर तपासा. वर्षानंतर असेल तर पगारवाढ, बढती, शरीराची झीज.

हे नवं नाही. राइस, हिल आणि ट्रिस्ट या संशोधकांनी १९५० साली लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीतल्या नोंदींवरून हेच दाखवलं होतं: सुरुवातीला गळतीचा कडेलोट, मग मधला अस्थिर काळ, मग स्थिरावणं. एकूण टक्क्यात हे तिन्ही मिसळून जातात.

अजून एक. गळती कमी आहे म्हणजे माणसं खूश आहेत असं समजू नये. मार्च आणि सायमन या संघटनांच्या अभ्यासकांनी १९५८ मध्येच दोन गोष्टी वेगळ्या केल्या: सोडावंसं वाटणं आणि सोडता येणं. मंदीत दुसरी गोष्ट बंद होते, पहिली तशीच साचत राहते. बाजार उघडला की सगळे एकदम जातात आणि व्यवस्थापनाला वाटतं की अचानक काय झालं.

---

लेथमास्तर

मोजमाप ठीक आहे, पण पगाराला असं बाजूला सारू नका. फोर्डचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९१३ मध्ये त्यांच्या हायलंड पार्क कारखान्यात गळती ३७० टक्के होती. साधारण १४ हजार माणसं कामावर ठेवण्यासाठी वर्षात ५२ हजारांहून जास्त भरती करावी लागली. ५ जानेवारी १९१४ ला दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, आधी सव्वादोनच्या आसपास मिळायचे. त्या वर्षी गळती ५४ टक्क्यांवर आली आणि १९१५ मध्ये १६ वर. पैसा बोलतो.

---

आकडेमोड

@लेथमास्तर, आकडे बरोबर आहेत, पण त्या घोषणेत पाच डॉलरसोबत दिवस नऊ तासांचा आठ तासांचा झाला, हे विसरू नका. शिवाय ते पाच डॉलर सरसकट नव्हते. निम्म्याच्या आसपास रक्कम नफ्यातला वाटा म्हणून होती, तिच्यासाठी सहा महिने नोकरी झालेली हवी आणि कंपनीची माणसं घरी येऊन राहणीमान तपासायची.

आणि १९१३ मध्येच गळती एवढी का चढली होती? त्याच वर्षी चालती जुळणी लाइन आली. चासी (गाडीचा सांगाडा) जुळवायला साडेबारा तास लागायचे, ते काही महिन्यांत ९३ मिनिटांवर आलं. एका माणसाच्या वाट्याला एकच हालचाल उरली, तीही लाइन ठरवेल त्या वेगाने. पगाराने माणसं थांबली हे खरं. पण पळत का होती, ते वेगळं.

---

लेथमास्तर

मान्य. पण मग पगारातला जो भाग खरंच माणसं घालवतो तो लिहितो. किती मिळतं यापेक्षा कुणाला किती मिळतं, हे जास्त टोचतं.

भरती होत नाही म्हणून नव्यांचा सुरुवातीचा पगार वाढवतात, जुन्यांचा नाही. पाच वर्षं काढलेला ऑपरेटर, जो तीन मशिन चालवतो आणि नव्यांना शिकवतो, त्याच्यात आणि काल आलेल्यात फरक नावापुरता उरतो. पगाराचा आकडा कुणी सांगत नसलं तरी आठवड्याभरात कँटीनमध्ये कळतोच. अशा वेळी सगळ्यात आधी जातो तो बहुकुशल माणूस, कारण बाहेर त्यालाच मागणी असते. नव्यांचा पगार वाढवायचा असेल तर त्याच महिन्यात वरच्या पायऱ्याही सरकवाव्या लागतात. स्किल मॅट्रिक्स (कुणाला कोणतं काम येतं त्याचा तक्ता) भिंतीवर लावून भागत नाही, त्यातल्या प्रत्येक चौकोनाला पैसे जोडलेले हवेत.

दुसरं, इन्सेंटिव्ह, म्हणजे उत्पादनावर मिळणारे जादा पैसे. मशिन बंद पडलं, माल आला नाही, साचा बदलायला दीड तास गेला, हे सगळं ऑपरेटरच्या उत्पादनातून कापलं जातं. दोष मेंटेनन्सचा किंवा स्टोअरचा, पैसे याचे गेले. बंद वेळ वेगळा नोंदवून तो सरासरी दराने भरून द्यायला हवा. आणि टार्गेट सलग तीन महिने ओलांडलं की टार्गेटच वाढवायचं, हा प्रकार तर एकदाच करता येतो. त्यानंतर अख्खी पाळी ठरवून टार्गेटच्या जरा खाली राहते.

---

तिसरी पाळी

पाळ्यांबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

रात्रपाळी वाईट हे सगळ्यांना माहीत आहे. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं. पण वेळापत्रक कसं बांधलंय यावर माणूस टिकणार की नाही हे जास्त ठरतं. तीन गोष्टी बघा.

पाळी कुठल्या दिशेने फिरते? सकाळ, दुपार, रात्र असा पुढे जाणारा क्रम शरीराला तुलनेने सोपा जातो, कारण शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि झोप पुढे ढकलणं हे अलीकडे ओढण्यापेक्षा सोपं. उलटा क्रम अनेक कारखान्यांत केवळ पूर्वीपासून चालत आलाय म्हणून आहे. तो बदलायला एक पैसा लागत नाही.

किती दिवसांनी फिरते? आठवड्याने फिरवणं सगळ्यात रूढ आणि सगळ्यात गैरसोयीचं. शरीर जेमतेम जुळवून घेऊ लागतं तोच पाळी बदलते. दोन-तीन दिवसांनी बदला किंवा मग तीन-चार आठवडे एकच ठेवा.

दोन पाळ्यांमध्ये अंतर किती? दुसरी पाळी रात्री ११ ला सुटते आणि सकाळी ७ ला पहिलीला बोलावलं, तर कागदावर आठ तास विश्रांती. जाण्यायेण्याचा एकेक तास, जेवण, आंघोळ वजा केलं की झोप साडेचार-पाच तास. युरोपातल्या नियमात सलग ११ तास आहेत ते याच कारणाने.

आता यावर रिलीव्हर न येणं चढवा. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की आधीचाच 'डबल' करतो, म्हणजे सलग दोन पाळ्या. कोण? जो नाही म्हणत नाही तो. प्रत्येक पाळीत तेच तीन-चार जण अडकतात, आणि राजीनामे त्यांचेच येतात. सुपरवायझरला धक्का बसतो, 'आपला सगळ्यात भरवशाचा माणूस गेला.' डबलची नोंद नावाप्रमाणे ठेवा आणि महिन्याला एका माणसाला दोनपेक्षा जास्त नकोच, असा नियम करा. राखीव माणसं ठेवायचा खर्च परवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी नवीन माणूस शिकवायचा खर्च मांडून बघावा.

ओव्हरटाइमचंही तसंच. सक्तीचा ओटी पाळी सुटायच्या तासभर आधी कळतो, हा खरा राग. तोच आदल्या दिवशी कळला तर अर्धी कुरकूर बंद होते. उलट बाजूही आहे: मूळ पगार कमी आणि ओटीवर घर चालतंय अशी रचना असेल, तर ऑर्डर घटल्या की हातातली रक्कम एकदम पडते आणि हप्ते फेडणारी माणसं पटापट जातात. म्हणजे ओटी फार झाला तरी गळती, बंद झाला तरी गळती.

---

खुशालचेंडू

वाचतोय. कंत्राटी माणसांचं काय? धाग्यात सगळे कायम कामगार धरूनच बोलताय.

---

लेथमास्तर

@खुशालचेंडू, रास्त. तिथे कारण शोधायला लागत नाही. शेजारी उभं राहून तेच काम, पगार कमी, सुट्ट्या कमी, बूटही उशिरा. त्यातही टिकवून ठेवतं ते 'पुढे कायम करू' हे आश्वासन. त्याला तारीख आणि निकष नसले की दुसऱ्या भरतीत आपलं नाव नाही हे बघून माणूस निघतो. किती महिने, किती हजेरी, कोणती कौशल्यं, वर्षाला किती जागा, हे आधी लिहून द्या. जागा नसतील तर नाहीत म्हणा. खोट्या आशेवर वर्षभर थांबलेला माणूस जाताना आणखी चार घेऊन जातो.

---

मृण्मयी

शरीराबद्दल. 'काम जड आहे म्हणून फार जात नाहीत' या धागाकर्त्यांच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. जड काम दिसतं, झिजवणारं काम दिसत नाही, आणि माणसं दुसऱ्यामुळे जातात.

उचलण्याचं घ्या. अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या सूत्रात आदर्श स्थितीत २३ किलोची मर्यादा आहे: वस्तू शरीराजवळ, कमरेच्या उंचीला, दोन्ही हातांनी चांगली पकड, क्वचित उचलणं. बिन (सुट्या भागांची पेटी) शरीरापासून २५ ऐवजी ५० सेंटीमीटरवर गेला की मर्यादा निम्मी, साडेअकरा. तोच जमिनीवर असेल तर ०.७७५ ने गुणा, सुमारे ९ किलो. ४५ अंश वळून ठेवायचा असेल तर साडेसातच्या आसपास. मिनिटाला किती वेळा उचलायचं आणि किती उंच न्यायचं, हे तर अजून धरलंच नाही. म्हणजे '१२ किलोचा तर बिन आहे' हे वाक्य किलोपुरतंच खरं. बिनखाली ७५ सेंटीमीटरचा स्टँड ठेवला आणि ट्रॉली जवळ ओढली की तोच १२ किलोचा बिन मर्यादेत येतो.

कंपन: युरोपीय निर्देशात हाताला पोहोचणाऱ्या कंपनाची कृती-पातळी (जिथून मालकाने उपाय करायलाच हवेत) आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, कमाल मर्यादा ५. ग्राइंडरचं कंपन ५ असेल तर कृती-पातळी दोन तासांत गाठली जाते. १० असेल तर अर्ध्या तासात, आणि दोन तासांत थेट कमाल मर्यादा. झिजलेलं चाक, सैल बेअरिंग, तोल गेलेली डिस्क यांनी आकडा वाढतो. रात्री बोटं बधिर होऊन जाग यायला लागली की माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी दुसरीकडे अर्ज करतो.

आवाजाची गोष्ट त्याहून साधी. शिफारस केलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. इअरप्लगचं खोकं भिंतीवर टांगलेलं असतं आणि बऱ्याचदा रिकामं असतं.

आता पहिल्या आठवड्यातली गळती, ज्याबद्दल आकडेमोड यांनी लिहिलं. भट्टी, ओतकाम, पेंट ओव्हन अशा गरम विभागात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उभं करतात. उष्णतेची सवय शरीराला लागायला एक-दोन आठवडे लागतात. निऑशची शिफारस अशी की नव्याला पहिल्या दिवशी २० टक्केच वेळ उष्णतेत ठेवा आणि रोज २० टक्के वाढवा. जुना माणूस मोठ्या रजेवरून परतला तर ५०, ६०, ८०, १०० असं चढत न्या. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन जो गेटबाहेर जातो तो परत येत नाही, आणि नोंद होते 'न कळवता गैरहजर'.

---

जिग-फिक्स्चर

@मृण्मयी, मान्य. 'जड' हा शब्द मी ढोबळ वापरला. वेगाबद्दल एक भर घालतो, कारण लाइनवरचा थकवा किलोत मोजता येत नाही.

पाळी ४८० मिनिटं, विश्रांती वजा ४५, उरली ४३५ मिनिटं म्हणजे २६,१०० सेकंद. टार्गेट ४५० नग. टाकट वेळ, म्हणजे एका नगामागे मिळणारा वेळ, ५८ सेकंद. एखाद्या स्टेशनचं काम सरासरी ५६ सेकंदांचं बसवलं की इंजिनिअर खूश, साधारण ९७ टक्के भार. पण ती सरासरी कशाची? साधं मॉडेल ५० सेकंद, भारी मॉडेल ६२. भारी मॉडेल सलग तीन आले की माणूस १२ सेकंद मागे. त्यात एक बोल्ट आडवा बसला, एक बिन रिकामा मिळाला, की पुढच्या स्टेशनात घुसून काम करावं लागतं. तिथला माणूस चिडतो. हे दिवसभर. पाणी प्यायलाही कुणीतरी जागा घ्यावी लागते, आणि तो मोकळा माणूस गैरहजेरी भरायला दुसरीकडे पाठवलेला असतो.

उपाय कागदावर सोपे: भारी मॉडेल सलग सोडू नका, भारी मॉडेलच्या जागा ९० टक्क्यांपलीकडे भरू नका, दर १५-२० जणांमागे एक फिरता माणूस आणि तो हलवायचा नाही. शेवटचाच पाळला जात नाही.

---

लेथमास्तर

सुपरवायझरचा विषय निघाला नाही हे आश्चर्य. उत्तम वेल्डरला सुपरवायझर करतात, सोमवारपासून. एक चांगला वेल्डर जातो आणि एक गोंधळलेला सुपरवायझर मिळतो. त्याला ना रजा नाकारायची कशी हे माहीत, ना नव्याला शिकवायचं कसं हे. मग रजा ओळखीवर मिळते, चांगली जागा मर्जीतल्याला, आणि रिजेक्शन (नापास माल) निघालं की सगळ्यांसमोर आवाज.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत हाच प्रश्न आला होता, अननुभवी माणसं आणि नवे सुपरवायझर. 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या कार्यक्रमात शिकवणं, माणसं सांभाळणं आणि पद्धत सुधारणं, असे प्रत्येकी दहा तासांचे वर्ग होते. शिकवण्याच्या चार पायऱ्या आजही पुरतात: माणसाची तयारी करा, काम करून आणि कारण सांगून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग एकटा सोडून अधूनमधून बघा. बहुतेक ठिकाणी दुसरी पायरी घाईत उरकतात आणि चौथी विसरतात. 'याच्या शेजारी उभा राहा, शिकशील' हे शिकवणं नव्हे.

रजेसाठी एवढंच करा: अर्ज आल्यापासून ४८ तासांत हो किंवा नाही, लेखी, कारणासह. नकारापेक्षा 'बघू' हा शब्द जास्त माणसं घालवतो.

---

आकडेमोड

हजेरी बोनसबद्दल लिहायचं राहिलं. महिन्यात एकही खाडा नसेल तर पूर्ण बोनस, एक खाडा झाला की शून्य. महिन्याच्या ४ तारखेला मूल आजारी पडलं, बोनस गेला. उरलेले २६ दिवस यायला कारण उरलं नाही, म्हणून आणखी दोन खाडे. त्यामुळे दुसऱ्यांवर डबल. बोनस आठवड्याचा करा, चार तुकडे. रक्कम तीच ठेवून फरक पडतो.

---

खुशालचेंडू

पण हे सगळं मोठ्या कारखान्यांचं झालं. २०-२५ माणसांचा वर्कशॉप, एचआर नाही, मालकच सगळं बघतो. तिथे काय?

---

तिसरी पाळी

@खुशालचेंडू, तिथे उलट सोपं आहे. एक वही. प्रत्येकाच्या नावाचं पान, त्यावर डबल, नाकारलेली रजा, दिलेला शब्द आणि तारीख. आणि गेलेल्या माणसाला तीन-चार महिन्यांनी फोन, त्याचा हिशेब पूर्ण झाल्यावर. तेव्हा तो खरं सांगतो. फोन सुपरवायझरने करायचा नाही.

आहेत त्यांना 'का थांबला आहेस?' असं विचारू नये, भीती वाटते. 'या महिन्यात कुठल्या दिवशी सोडून जावंसं वाटलं?' असं विचारा. तारीख सांगतात. मग वहीत ती तारीख बघायची.

---

खुशालचेंडू

आणि त्या तारखेला वहीत काहीच नसेल तर?

---

तिसरी पाळी

तर वही मालक लिहितोय, माणसं नाही. नाकारलेली रजा बऱ्याचदा तोंडीच असते, ती कुणी लिहीत नाही. वही चहाच्या टेबलावर ठेवा आणि ज्याचं पान त्याला लिहू द्या.